डीलियाच्या माहेरचं फाटक

आमचं फाटक उतरवायला दोन माणसं लागतात. एकानं बिजागरीकडची बाजू धरायची, दुसऱ्यानं खिट्टीकडची, आणि दोघांनी एकदम उचलायचं. एक बाजू आधी वर गेली की फाटक तिरकं होतं आणि त्याच्या कड्या खांबाच्या खुंट्यांत अडकून बसतात. बिजागरीकडे मी असायचो, खिट्टीकडे माझी बायको डीलिया. ती "आता" म्हणायची आणि आम्ही उचलायचो. हॅलोविनच्या दिवशी दुपारचा चहा झाला की हे काम असायचं. फाटक गवताच्या शेडमध्ये नेऊन भिंतीला उभं करायचं, वर जुनी ताडपत्री टाकायची आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आलं की परत खांबावर चढवायचं.

डीलिया मार्चमध्ये गेली. तिला नेलं त्या दिवशी गाड्या आत-बाहेर करायला फाटक उघडून ठेवलं होतं. ते पुढं कितीतरी आठवडे तसंच राहिलं. शेजारच्या मेंढ्या आत येऊन कोबी खाऊन गेल्या, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की 'फेस्टी, फाटक लाव' म्हणणारं घरात कुणी नाही. तेव्हापासून मी ते रोज लावतो. पण लावणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. ऑक्टोबर संपत आला तशी माझी झोप उडाली. एकट्यानं ते उतरणार नव्हतं. आणि त्या रात्री खांबावर राहिलं असतं तर सकाळी त्याची राख झालेली असती.

पूर्वी अशी राख होत नसे. आमच्या तरुणपणी हॅलोविनला फाटकं चोरीला जायची, पण जाळायचं कुणाच्या मनात यायचं नाही. अंधार पडला की पोरं निघायची आणि एकाचं फाटक दुसऱ्याच्या खांबावर टांगून यायची. कुणाच्या धुराड्यावर गवताचं मोठं ढेकूळ ठेवायची आणि आतली माणसं खोकत बाहेर आली की कुंपणाआडून हसायची. कुणाच्या मळ्यातल्या कोबी उपटून त्याच्याच दारावर आपटायची. एकदा बार्टली मोरानच्या अंगणात सकाळी फाटकाच्या अलीकडं गाढव आणि पलीकडं गाडी होती, दांड्या फाटकाच्या फळ्यांमधून ओवून पुन्हा गाढवाला जुंपलेल्या. बार्टली बराच वेळ नुसता बघत उभा होता. हे आत कसं गेलं ते त्याला कळेना आणि बाहेर कसं काढायचं तेही कळेना.

म्हणून त्या दिवशी जो तो आपलं घर सांभाळायच्या मागं असायचा. माझी आई कोंबड्या लवकर कोंडायची. बादली, फावडं, कपडे वाळवायची दोरी, जे जे उचलता येईल ते आत आणायची. मग आम्हा मुलांच्या डोक्यावर चिमूटभर मीठ आणि ओटचं पीठ ठेवायची. पोरांपासून वाचायला बादली आत आणायची आणि बाकीच्यांपासून वाचायला मीठ लावायचं. बाकीचे कोण, ते ती सांगायची नाही. उंबऱ्यावर पवित्र पाणी शिंपडून झालं की वडील काठी घेऊन दारामागं बसायचे आणि लगेच घोरायला लागायचे.

पण खरी सावधगिरी वेगळीच होती, ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. चिडायचं नाही. जो ओरडत पोरांच्या मागं धावला, त्याचं पुढच्या वर्षी दुप्पट नुकसान ठरलेलं. आणि ज्याच्या घराला त्या रात्री कुणीच हात लावला नाही, तो दुसऱ्या दिवशी मिस्साला जरा पडलेल्या चेहऱ्यानं यायचा.

फाटकांची आणखी एक रीत होती. घरात लग्नाची मुलगी असली की पोरं त्या घरचं फाटक एखाद्या बिनलग्नाच्या माणसाच्या खांबावर नेऊन टांगायची. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, सगळं गाव त्याच रस्त्यानं चर्चला जाणार. मग त्या माणसानं ते फाटक स्वतः त्या घरी पोचवायचं. नाही पोचवलं तर मुलीच्या वडिलांचा अपमान.

मी तेव्हा आईबरोबर टेकडीच्या पायथ्याशी राहायचो. आमच्याकडं फाटक असं नव्हतंच, मोडक्या लोखंडी पलंगाची उशाकडची जाळी दोन खांबांच्या मध्ये तारेनं बांधलेली होती. एका हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर ती जाळी ओढ्यात आणि आमच्या खांबांवर पाच फळ्यांचं ओकचं फाटक. असं फाटक साऱ्या पंचक्रोशीत एकच होतं, डीलियाच्या वडिलांच्या घरचं. ते गाड्या बनवायचे आणि फाटकही त्यांनी गाडीसारखंच बनवलं होतं, दोनशे वर्षं टिकेल असं. आई बाहेर आली, तिनं फाटक पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि आत जाऊन माझा चांगला शर्ट इस्त्री करायला घेतला.

मी गाढवाच्या गाडीत फाटक घालून त्यांच्याकडं गेलो. डीलिया कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिनं फाटकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि इतकी हसायला लागली की तिला दाण्यांचं भांडं खाली ठेवावं लागलं. मला वाटलं माझ्या शर्टाला हसतेय. मग तिनं डोळे पुसले आणि चहा घेणार का विचारलं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेलो. पुढच्या वर्षी ईस्टरनंतर आमचं लग्न झालं.

तुमचं कसं जमलं, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, गावानं जमवलं. नाताळात दोन ग्लास पोटात गेले की मी हीच गोष्ट सगळ्यांना सांगायचो. ही दोघं एकमेकांची आहेत हे आम्हाला कळायच्या आधी गावाला कळलं होतं, असा माझा शेवट असायचा. डीलिया त्यावर काही बोलायची नाही. चहा ओतत राहायची.

तिचे वडील गेल्यावर तिच्या भावानं बॉस्टनहून घर विकायला काढलं. बहिणीला काय हवं ते घे म्हणाला. ती म्हणाली, बाकी काही नको, फाटक दे. तेव्हापासून ते आमच्या खांबावर आहे. पुढं लोकांनी आपापल्या फाटकाचा वरचा खुंटा उलटा बसवून घेतला, तोंड खाली करून. तसं केलं की फाटक वर उचलताच येत नाही आणि चोरीचा प्रश्नच मिटतो. मीही लोहाराला बोलावायला निघालो होतो.

"नको," डीलिया म्हणाली. "मग आपल्यालाही उतरवता येणार नाही."

"चोरीलाच जाणार नाही तर उतरवायचं कशाला?"

"आणि हॅलोविनच्या दुपारी मग आपण करायचं काय?"

मी लोहाराला बोलावलं नाही. खुंटा तसाच राहिला.

आताची पोरं काही टांगत नाहीत. जुन्या मैदानावर मोठी शेकोटी करतात आणि दिवस असतानाच ट्रॅक्टर घेऊन लाकूड गोळा करत फिरतात. मागून नेलेलं किती आणि न मागता नेलेलं किती, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. गेल्या वर्षी फादरांच्या बागेतलं बाकडं गेलं. बार्टलीच्या मुलानं नवं दार आणून अंगणात ठेवलं होतं, तेही गेलं, वरचा पुठ्ठासुद्धा न काढता.

सकाळी गॉलवेहून ऑर्लाचा फोन आला. ऑर्ला माझी मुलगी. आई गेल्यापासून ती रोज फोन करते आणि रोज काहीतरी लावायला किंवा बंद करायला सांगते.

"बाबा, आज बाहेरचा दिवा चालू ठेवा. अंधार पडल्यावर दार उघडू नका. मुखवटा घालून कुणीही आलं तरी."

"मग पोरांना खाऊच्या गोळ्या कशा देऊ?"

"खिडकीतून द्या."

"मी काय तिकिटं विकतोय?"

"बाबा, हसण्यावारी नेऊ नका. तिकडं फटाके फोडतात, एकाच्या पत्रपेटीत टाकला होता मागं. फोन खिशात ठेवा. आणि ते फाटक एकट्यानं उचलायला जाऊ नका."

मी खिडकीतून फाटकाकडं पाहिलं.

"बाबा. ऐकलं का? तुमची पाठ गेली तर मला रजा काढून यावं लागेल. त्या फाटकात आता काय राहिलंय? नेलं तर नेऊ दे. मी नवं आणते. लोखंडी, हलकं, बटण दाबलं की उघडतं."

"कुजलेलं नाहीये ते."

"कुजलंय असं मी म्हटलंच नाही."

"बरं," मी म्हटलं. तिला वाटलं मी ऐकलं. पोरीला काळजी वाटते म्हणून ती बोलते. तिचं चुकत नाही. पण त्या फाटकामुळं तिचे आईवडील एकत्र आले, हे तिला शंभर वेळा सांगून झालंय. शंभर वेळा ऐकलेल्या गोष्टीचं माणसाला काही वाटत नाही.

दुपारचा चहा झाल्यावर मी कोट घातला आणि बाहेर गेलो. आधी बिजागरीकडून उचलून पाहिलं. ते बोटभर वर आलं आणि खालची कडी तिरकी होऊन अडकली. मग खिट्टीकडं एक लाकडी ओंडका सरकवला आणि परत बिजागरीकडं आलो. ओंडका घसरला. मग बादली पालथी घातली. बादली चेपली. मग पहार आणली. पहारीनं फाटक उचललं जात होतं, पण पहार धरायला एक माणूस आणि फाटक धरायला एक माणूस, म्हणजे पुन्हा तेच. ओनी आपल्या खिडकीतून बघतोय हे मला दिसत होतं. मी त्याच्याकडं पाठ केली.

ओनी समोर राहतो. माझ्याच वयाचा, त्यानं लग्न केलं नाही. त्याला बोलवायला मला काय होत होतं ते नीट सांगता येत नाही. खिट्टीकडची बाजू कुणी धरावी असं मला वाटत नव्हतं, एवढंच.

तो आपणहून आला, काठी टेकत.

"बादलीचं काय केलंस रे?"

"पडली."

"पडली. आणि तिच्यावर फाटक पडलं. चांगला अर्धा तास बघतोय मी. टीव्हीवर असलं काही लागत नाही."

"तुझा खुबा नवीन आहे. जा घरी."

"खुबा नवीन आहे, बाकी सगळं जुनं आहे. सरक." त्यानं काठी भिंतीला लावली आणि खिट्टीकडं जाऊन उभा राहिला. मी बिजागरीकडं सरकलो. "आता तू म्हण काय म्हणायचं ते. मी काही डीलिया नाही."

"ते दिसतंय."

"म्हण."

"आता," मी म्हटलं.

आम्ही उचललं. दोन्ही कड्या खुंट्यांतून सुटल्या आणि सगळं वजन आमच्या हातांवर आलं. रस्त्याच्या कडेनं आम्ही शेडच्या दिशेनं थोडे गेलो. ओनीच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"ठेव. ठेव रे. गवतावर ठेव."

आम्ही फाटक गवतावर आडवं ठेवलं. ओनी गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"काय जड आहे रे हे. तेव्हाही असंच होतं. तिघं होतो आम्ही, विशी-बाविशीतले, तरी टेकडी चढवेना. नाहीतर लव्हेलांच्या दारापर्यंत काय लांब होतं."

मग तो एकदम सरळ उभा राहिला.

"लव्हेलांच्या दारापर्यंत कशाला?" मी विचारलं.

"काही नाही. धर, पाऊस येईल."

"ओनी, फाटक माझ्याकडं आणायचं होतं ना तुम्हाला?"

"धर म्हणतोय ना."

"टेकडी कशाला चढत होता तुम्ही?"

त्यानं आपली काठी शोधली. ती भिंतीपाशी राहिली होती. काठीशिवाय त्याला कुठं बघावं ते कळेना.

"डीलिया गेली, आमच्या तिघांतला शेमस गेला, धाकटा मोरानही गेला," तो म्हणाला. "मला वाटलं आता हे गुपित माझ्याबरोबर जाईल. या फाटकाच्या वजनानं घात केला बघ. तिनं मला सिगारेटचं पाकीट दिलं होतं, फेस्टी. अख्खं, न फोडलेलं. म्हणाली, उद्या रात्री आमचं फाटक न्याल तर लव्हेलांच्या खांबावर टांगा. त्यांचा कोलम त्या वर्षी डब्लिनहून शिकून आला होता. मोटारसायकल घेऊन. तुला आठवत असेल, गावातल्या अर्ध्या पोरींना एकदम संध्याकाळचं फिरायला जायची सवय लागली होती."

"मग?"

"मग टेकडी. आणि पाऊस. अर्ध्यावर शेमस म्हणाला, माझे हात सुटतायत. खाली तुझं घर. तुझ्याकडं खांब होते. बाकी काही नाही रे. तू कुणाच्या डोक्यातही नव्हतास."

मी भिंतीवर बसलो. पाऊस यायचा होता पण आला नव्हता. इतकी वर्षं लोकांना मी सांगत आलो की गावाला दिसलं होतं, आणि दिसलं होतं ते एवढंच, दोन खांब. ती का हसली तेही मला कळलं. दाण्यांचं भांडं खाली ठेवून ती हसली, कारण मोटारसायकलवाल्याऐवजी समोर गाढवाची गाडी उभी होती. कोलम लव्हेल पुढं कॅनडाला गेला आणि तिथलाच झाला. डीलियानं त्याचं नाव माझ्यासमोर कधी काढल्याचं मला आठवत नाही. काल कुणी विचारलं असतं तर मी त्याचा विचारही केला नसता. आता तिनं ते नाव कधी काढलं नाही हेच मला खुपायला लागलं. आणि नाताळातल्या त्या सगळ्या रात्री ती समोर बसून माझी गोष्ट ऐकत होती, चहा ओतत होती.

मी उठलो आणि घराकडं निघालो.

"अरे, पुढचं तर ऐक," ओनी म्हणाला.

"मला नाही ऐकायचं."

"फाटक इथंच पडलंय."

"पडू दे."

मी आत जाऊन दार लावलं. स्वयंपाकघरात दिवा लावला नाही. दारावर तिनं गेल्या हॅलोविनला विणलेला ओटच्या काड्यांचा क्रूस होता. या दिवशी तो उतरवून गोठ्यात लावायचा आणि घराला नवा करायचा, पण मला तो विणता येत नाही. ऑर्लाला येतो का, ते विचारायचं राहून गेलं होतं. मी कोट न काढता टेबलाशी बसलो. बाहेर उजेड कमी होत होता.

मग ट्रॅक्टरचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर मागं ट्रॉली, ट्रॉलीत फळकुटं, जुने टायर, एक मोडकं कपाट आणि त्यावर बसलेले तिघं जण हाडांचे सापळे रंगवलेल्या काळ्या कपड्यांत. ट्रॅक्टर चालवत होती ईफा, ओनीच्या पुतणीची मुलगी. तिनं तोंडाला पांढरा रंग फासला होता आणि डोळ्यांभोवती काळा. ओनी भिंतीवर बसून होता. ट्रॅक्टर त्याच्यापाशी थांबला.

"ओनीआजोबा, हे शेकोटीचं का?"

"मला नको विचारू. ज्याचं आहे त्याला विचार." त्यानं काठीनं माझ्या खिडकीकडं दाखवलं.

ईफानं खिडकीकडं पाहिलं. आत अंधार होता, तिला मी दिसलो नसेन. तोवर सापळ्यांनी खाली उड्या मारल्या होत्या. पडलेलं लाकूड म्हणजे शेकोटीचं लाकूड, त्यांना विचारायची गरज वाटली नाही. दोघांनी खिट्टीकडची बाजू उचलून ट्रॉलीच्या कडेवर टेकवली. त्या बाजूला वरच्या फळीचा कोपरा गुळगुळीत झालाय. डीलिया हात नेहमी तिथंच ठेवायची, उतरवताना, लावताना, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणाशी बोलत उभी राहिली की तासन् तास. एका सापळ्याचा हात तिथंच होता.

लव्हेलांच्या दारात टांगलं असतं तर हा कोपरा असा झाला नसता, असं माझ्या मनात आलं. दुसऱ्या कुणाच्या तरी दारात झाला असता, हेही आलं. पण झाला तो माझ्या दारात. मी दार उघडून बाहेर गेलो.

"खाली ठेवा ते."

सगळे थांबले. ईफानं इंजिन बंद केलं.

"आजोबा, गवतात पडलं होतं. वाटलं टाकून दिलंय."

"टाकलेलं नाही."

"मग असं रस्त्यात का ठेवलंय?"

"दम खायला ठेवलं होतं," मी म्हटलं. "आमच्या दोघांत मिळून एक माणूस भरत नाही. ते शेडमध्ये न्यायचंय."

एक सापळा मुखवट्याच्या आतून म्हणाला, "अस्सल ओक आहे हे. काय पेटलं असतं."

"तूपण चांगला पेटशील," ओनी म्हणाला. "चरबी बघ किती आहे."

"ए, बास," ईफा खाली उतरत म्हणाली. "धरा तिकडून. आणि घासत नेऊ नका, आजोबांचं आहे ते."

चौघांनी फाटक पुठ्ठ्यासारखं उचललं. मी पुढं जाऊन शेडचं दार उघडलं. त्यांनी ते भिंतीला उभं केलं आणि ताडपत्री कशी टाकायची ते मी दाखवलं. कोंबड्यांचं जुनं खुराडं मागं पडलं होतं, ते मी त्यांना शेकोटीला दिलं. ते घेऊन जायला निघाले तेव्हा मी आत जाऊन गोळ्यांची पिशवी आणली आणि ईफाच्या हातात दिली, दारातून, खिडकीतून नाही.

"शेकोटीला येणार का, आजोबा?" तिनं विचारलं.

"तिथला उजेड इथून दिसतो."

ट्रॅक्टर गेला. ओनी काठी टेकत माझ्या मागं आत आला, न विचारता. मी दिवा लावला, किटली ठेवली आणि दुकानातून आणलेला मनुकांचा पाव कापला. हॅलोविनच्या या पावात एक अंगठी घालून भाजतात, ती पहिल्याच तुकड्यात ओनीला मिळाली.

"म्हणजे यंदा माझं लग्न," तो म्हणाला. त्यानं ती बशीच्या कडेला ठेवली. मग बराच वेळ चहात साखर ढवळत बसला.

"आता ऐकशील का?"

"सांग."

"तू फाटक पोचवलंस त्याच दिवशी, उशिराच्या मिस्सानंतर, तिनं मला चर्चच्या भिंतीमागं गाठलं. माझा कान धरला. खराच धरला, दोन दिवस लाल होता. म्हणाली, माझं पाकीट परत दे. मी म्हटलं, आम्ही ओढलं ते. म्हणाली, कामही नाही केलं आणि ओढलंही. मला वाईट वाटलं, म्हणून मी म्हटलं, आज रात्री पुन्हा नेतो. या वेळी थेट लव्हेलांकडं. फुकट."

"मग ती काय म्हणाली?"

"आधी कान सोडला. मग म्हणाली, नको. राहू दे जिथं आहे तिथं. तो फेस्टी पुढच्या आठवड्यात यायचाय. वरची बिजागरी ढिली झालीय म्हणे, ती आवळायला."

मी कप खाली ठेवला.

"मी म्हटलं, झाली असेल, आम्ही आपटत नेलंय ते. तर ती म्हणाली, माझ्या बाबांनी ठोकलेली बिजागरी आहे ती, तुम्हा तिघांच्या बापाच्यानं ढिली व्हायची नाही. सकाळीच हलवून पाहिली मी. तो धडधडीत खोटं बोलतोय. येऊ दे त्याला." ओनीनं पावाचा कोपरा चहात बुडवला. "आणि मग मला दम दिला, यातलं काही त्याला कळलं तर दुसरा कान. म्हणून मी इतकी वर्षं गप्प होतो. कान घाबरले होते माझे."

बिजागरी ढिली नव्हतीच. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, डीलियालासुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात मी पाना घेऊन गेलो होतो आणि काहीही न आवळता कितीतरी वेळ आवळत बसलो होतो. ती शेजारी उभी होती, फळीवर हात ठेवून. अधूनमधून विचारायची, झालं का? मी म्हणायचो, जरा आणखी. ती म्हणायची, सावकाश होऊ दे.

खिडकीबाहेर मैदानाच्या बाजूला आभाळ तांबडं झालं होतं. शेकोटी पेटली होती.

"ओनी," मी म्हटलं, "परत सांग."

"कुठून?"

"कान धरला तिथून."

त्यानं कप माझ्याकडं सरकवला. मी त्याला चहा ओतला आणि त्यानं परत सांगितलं.